सायखेड्याला पाणी किती वाजता येणार?

ऑगस्टात सायखेड्याला बऱ्याचदा असं होतं की गावात पावसाची नुसती भुरभुर असते, शिवारात टोमॅटोची तोडणी चालू असते, आणि गंगेचं पाणी मात्र तासातासाला चढत असतं. गोदाकाठची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. निफाड तालुक्यात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इगतपुरीत तो तीन हजारांच्या पुढे जातो, आणि त्र्यंबकचे डोंगरही त्याच पट्ट्यातले. म्हणजे सायखेड्याचा पूर सायखेड्यात तयारच होत नाही. तो घाटमाथ्याशी तयार होतो, गोदावरी, दारणा आणि त्यांच्या उपनद्यांतून वाहत येतो आणि सायखेडा-चांदोरीच्या मधल्या पुलापाशी ठेपतो. २ ऑगस्ट २०१६ ला हेच झालं. ४ ऑगस्ट २०१९ ला त्याहून मोठं झालं.

अशा दिवशी मोबाईलवर आकडे फिरत असतात. त्र्यंबकला इतके मिलिमीटर, गंगापूर धरणातून इतके क्युसेक, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट, दारणा धरणातून इतके. ऐकणाऱ्याला हवं असतं वेगळंच: आपल्याकडे पाणी किती येणार आणि किती वाजता. मिलिमीटरपासून क्युसेकपर्यंत जायची एक जुनी, साधी आणि अजून वापरात असलेली वाट आहे. पुस्तकात तिला एकक जलालेख म्हणतात. इंजिनिअर मंडळी बोलताना सरळ युनिट हायड्रोग्राफ म्हणतात. ती कशी चालते ते कागद-पेन्सिल घेऊन पाहू, आणि सायखेड्यापाशी ती कुठे अडते तेही.

आधी घनफळ. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक हजार घनमीटर पाणी. हा हिशेब तोंडपाठ असला की निम्मं काम होतं. गंगापूर धरणाचं पाणलोट क्षेत्र सुमारे ३५७ चौरस किलोमीटर आहे. त्यावर सगळीकडे सारखा १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून आला, तर धरणात ३५.७ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सव्वा टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) किंचित वर पाणी येईल. हे पाणी चोवीस तासांत अगदी एकसारखं आलं तर प्रवाह होतो सुमारे साडेचौदा हजार क्युसेक. (आणखी एक सोयीचा आकडा: दिवसभर ११,५७४ क्युसेक वाहिले की एक टीएमसी होतं.)

या हिशेबात दोन गोष्टी खोट्या आहेत. सगळा पाऊस वाहून येत नाही, आणि जो येतो तो एकसारखा येत नाही.

पहिली गोष्ट जमिनीची. जूनमध्ये काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा असतात. पहिले पाऊस त्या भेगांतच जिरतात, ओढ्याला थेंबही येत नाही. वर त्र्यंबक-इगतपुरीकडे माती पातळ, खाली बेसॉल्टचा कातळ. तिथे जिरायला जागाच कमी. पण तिथे भाताची खाचरं आहेत. बांध घातलेली ती खाचरं हंगामाच्या सुरुवातीला पाणी धरून ठेवतात. एकदा ती तुडुंब झाली की पुढचा प्रत्येक मिलिमीटर बांधावरून खाली उतरतो. म्हणून जूनचे १०० मिलिमीटर आणि ऑगस्टचे १०० मिलिमीटर या एकाच मापाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

किती वेगळ्या, हे आकड्यात सांगायची एक पद्धत अमेरिकेच्या मृदा संधारण खात्याने बसवली आणि थोड्या फेरफारांनी ती आपल्याकडेही चालते. जमीन, पीक आणि आधीचा ओलावा पाहून पाणलोटाला शंभरपैकी गुण देतात. त्याला वक्रांक म्हणतात. गुण जितके जास्त, तितकं पाणी जास्त वाहणार. वक्रांक ७५ असेल तर १०० मिलिमीटर पावसातले सुमारे ४१ मिलिमीटर वाहतात. तीच जमीन भिजून वक्रांक ९० वर गेला तर ७३. वाहणाऱ्या या पाण्याला अपधाव म्हणतात, आणि पावसाच्या ज्या भागातून ते निघालं तेवढ्याच भागाला परिणामी पाऊस. पुढचं सगळं गणित परिणामी पावसाचं आहे. आकाशातून किती पडलं हे इथून पुढे विसरायचं.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि खरी गंमत तिथेच आहे. एखाद्या ओढ्याच्या तोंडाशी उभं राहून दर तासाला प्रवाह मोजला आणि कागदावर आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर प्रवाह असे ठिपके मांडले, तर जी रेघ मिळते तिला जलालेख म्हणतात. तिला एक चढ असतो, एक माथा असतो आणि एक लांबत जाणारा उतार असतो. चढ उभा आणि उतार आडवा, कारण जवळचं पाणी लगेच पोचतं, लांबचं मागून येतं, आणि जमिनीत मुरलेलं तर कित्येक दिवस झिरपत राहतं. यात्रा फुटल्यावर बसस्टँडवर अशीच गर्दी होते: आधी थोडी, मग एकदम लोंढा, मग रात्री उशिरापर्यंत तुरळक माणसं.

प्रवाह मोजणं हेच मुळात जिकिरीचं काम. नदीकाठच्या सरितामापन केंद्रावर खरं तर पाण्याची उंची मोजतात. कोरड्या दिवसांत आणि लहान पुरांत पात्राचा छेद आणि पाण्याचा वेग मोजून उंची आणि प्रवाह यांचं कोष्टक बसवलेलं असतं. ऐन पुरात फक्त मोजपट्टी वाचायची आणि कोष्टकातून प्रवाह काढायचा. नाशिककर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून हेच करतात. पाणी मारुतीच्या कमरेला, छातीला, गळ्याला लागलं की पूर केवढा ते त्यांना कळतं. त्यांचं कोष्टक डोक्यात असतं एवढाच फरक.

आता मुख्य कल्पना. १९३२ साली एल. के. शेरमन या अमेरिकन अभियंत्याने एका इंजिनिअरिंग साप्ताहिकात ती मांडली. त्याचं म्हणणं असं: एका पाणलोटाचा आकार, उतार, ओढ्यांची जाळी वर्षानुवर्षं तीच असते. मग ठराविक वेळात पडलेल्या एक सेंटिमीटर परिणामी पावसाला तो पाणलोट दर वेळी सारखाच प्रतिसाद देईल. पाऊस दोन सेंटिमीटर असेल तर तीच रेघ, फक्त प्रत्येक ठिकाणी दुप्पट उंच. आणि पाऊस दोन टप्प्यांत पडला असेल तर दोन रेघा, दुसरी तेवढ्या तासांनी पुढे सरकवलेली, आणि दोन्हींची बेरीज. एक सेंटिमीटरच्या त्या मूळ रेघेलाच एकक जलालेख म्हणतात. शेरमनचं एकक अर्थात इंच होतं. आपण सेंटिमीटर घेतो.

ही रेघ काढायची कशी? जुन्या नोंदींतला एखादा सुटा, नेटका पूर शोधायचा. पाऊस एका दमात पडून थांबला आणि त्याच्या आगेमागे दुसरा पाऊस नाही, असा. आपल्या मान्सूनमध्ये असे पूर मिळणं अवघडच. आठ-आठ दिवस झड लागलेली असते, आणि एका पुराचा उतार संपायच्या आत दुसऱ्याचा चढ सुरू होतो. तरी शोधले की सापडतात. त्या पुराच्या जलालेखातून आधी मूळ प्रवाह वजा करायचा, म्हणजे पाऊस नसता तरी झऱ्यांच्या पाण्यावर नदी जेवढी वाहिली असती तेवढा. उरलेल्या पाण्याचं एकूण घनफळ काढायचं आणि पाणलोटाच्या क्षेत्रफळाने भागायचं. समजा उत्तर आलं तीन सेंटिमीटर. मग जलालेखाच्या प्रत्येक आकड्याला तीनने भागलं की एकक जलालेख हातात. असे पाच-सहा पूर घेऊन सरासरी काढतात. सरासरी काढताना माथ्यांची उंची आणि माथ्याची वेळ वेगवेगळी जुळवावी लागते. तासातासाचे आकडे नुसते बेरीज करून भागले तर माथा चपटा होतो, आणि नवशिक्याचा हात इथे हमखास घसरतो.

प्रत्यक्ष एक उदाहरण करू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, कुठल्या नदीचे नाहीत. समजा १८० चौरस किलोमीटरचा एक पाणलोट आहे. त्याचा दोन तासांचा एकक जलालेख, म्हणजे दोन तासांत पडलेल्या एक सेंटिमीटर परिणामी पावसाने दर दोन तासांनी किती घनमीटर प्रतिसेकंद येतात, तो असा आहे:

०, २०, ६५, ८०, ४५, २५, १०, ५, ०.

पहिला शून्य पाऊस सुरू होतानाचा, शेवटचा सोळाव्या तासाचा. ताळा करून पाहा: सगळ्यांची बेरीज २५०, गुणिले दोन तासांचे ७,२०० सेकंद, म्हणजे १८ लाख घनमीटर. १८० चौरस किलोमीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजेही १८ लाख घनमीटर. हा ताळा जुळला नाही तर पुढे जाऊच नये.

आता पाऊस. पहिल्या दोन तासांत ३.५ सेंटिमीटर, पुढच्या दोन तासांत ५, शेवटच्या दोन तासांत २. जमीन अजून कोरडी आहे, म्हणून पहिल्या टप्प्यातले २.५ जिरले, नंतर प्रत्येक टप्प्यात १. परिणामी पाऊस उरला १, ४ आणि १. आता तीन ओळी मांडायच्या. पहिली ओळ मूळ रेघ जशीच्या तशी. दुसरी ओळ मूळ रेघेची चौपट, पण दोन तास पुढे सरकवलेली. तिसरी पुन्हा मूळ रेघ, चार तास पुढे. आणि प्रत्येक तासाची उभी बेरीज.

सहाव्या तासाला पहिल्या ओळीत ८०, दुसरीत ६५ ची चौपट २६०, तिसरीत २०, एकूण ३६०. आठव्या तासाला ४५, ३२० आणि ६५, एकूण ४३०. दहाव्या तासाला २८५, बाराव्याला १५५. पुढे ७०, ३०, ५ करत पूर ओसरतो. सगळे आकडे एकापुढे एक:

०, २०, १४५, ३६०, ४३०, २८५, १५५, ७०, ३०, ५, ०.

माथा ४३० घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे साधारण १५,२०० क्युसेक. नदीत आधीपासून वाहणारा मूळ प्रवाह त्यात मिळवायचा की झालं.

पाऊस सहाव्या तासाला थांबला आणि माथा आठव्या तासाला आला. आभाळ उघडलं म्हणून सुटकेचा श्वास टाकायचा नसतो तो यासाठीच. दुसरं म्हणजे पावसाचा बेत, म्हणजे तो कुठल्या तासांत किती पडला ते. तेच सहा सेंटिमीटर दर टप्प्यात दोन-दोन असे सारखे पडले असते तर माथा ३८० वर राहिला असता. सगळे सहा पहिल्या दोन तासांतच कोसळले असते तर ४८०. ‘चोवीस तासांत इतके मिलिमीटर’ हा रोजचा सरकारी आकडा पुरासाठी अपुरा पडतो, कारण त्यात पावसाचा बेत दिसत नाही.

आणि ओली जमीन? तोच पाऊस, पण ऑगस्टातला. खाचरं भरलेली, म्हणून पहिल्या टप्प्यात फक्त अर्धा सेंटिमीटर जिरला. परिणामी पाऊस झाला ३, ४, १. पुन्हा मांडणी केली तर सहाव्या तासाला ५२० आणि आठव्यालाही ५२०. माथा नव्वद घनमीटरने वाढला, त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो दोन तास आधी आला आणि दोन तास हललाच नाही. ४३० चा आकडा आधी आठव्या तासाला येत होता, आता तो सहाव्याच्याही आधी ओलांडला जातो. काठावरच्या माणसाच्या हातचे हेच दोन तास जातात.

ही सगळी बेरीज शाळकरी वहीत होते. आज ती संगणकावर करतात, पण आत चालतं ते हेच. गणिती भाषेत याला वजनदार नावं आहेत. गुणाकार करा, सरकवा, बेरीज करा, एवढंच त्याचं सार. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. दोन तासांचा एकक जलालेख दोन-दोन तासांच्या पावसालाच लावायचा. हाताशी एक-एक तासाचा पाऊस असेल तर आधी एकक जलालेखाचा कालावधी बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी तीच रेघ पुन्हा पुन्हा सरकवून, अखंड पडणाऱ्या पावसाचा एक वक्र काढतात आणि त्यातून हवा तो कालावधी कापून घेतात. करायला कंटाळवाणं, समजायला सोपं.

पण मोजमापच नसलेल्या ओढ्यांचं काय? दारणेला आणि गोदावरीला मिळणारे कितीतरी ओहोळ असे आहेत की ज्यांच्यावर कधी कुणी मोजपट्टी रोवली नाही. तिथे नकाशावरून एकक जलालेख बनवतात. १९३८ साली स्नायडर या अभियंत्याने अमेरिकेतल्या अॅपलेशियन डोंगरांतल्या नद्यांचा अभ्यास करून दाखवलं की ओढ्याची लांबी आणि पाणलोटाच्या मध्यापासून तोंडापर्यंतचं अंतर माहीत असेल तर माथा किती तासांनी येईल आणि केवढा असेल याचा अंदाज करता येतो. फक्त त्याच्या सूत्रातले गुणांक त्या डोंगरांचे. सह्याद्रीला ते तसेच चालत नाहीत. म्हणून केंद्रीय जल आयोगाने रेल्वे, रस्ते खातं आणि हवामान खात्याला बरोबर घेऊन देशाचे ७ विभाग आणि २६ उपविभाग पाडले आणि मोजलेल्या पुरांवरून प्रत्येक उपविभागाची सूत्रं बसवली. आपला भाग त्यात ऊर्ध्व गोदावरी, उपविभाग ३-ई. रेल्वेपूल किंवा रस्त्यावरची मोरी केवढी बांधायची हे ठरवताना अभियंते आजही त्या सूत्रांचा अहवाल उघडतात.

एकक जलालेख येण्याआधी अभियंते काय करायचे? एक सूत्र वापरायचे आणि कमाल पूर काढायचे. मुंबई इलाख्यातल्या घाटाकडच्या पाणलोटांसाठी सर क्लॉड इंग्लिस यांचं सूत्र प्रसिद्ध आहे: क्षेत्रफळाला १२४ ने गुणा, आणि क्षेत्रफळात १०.४ मिळवून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. गंगापूरचे ३५७ चौरस किलोमीटर घातले की उत्तर येतं सुमारे २,३०० घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे ८१ हजार क्युसेकच्या आसपास. एका ओळीत उत्तर. मला या सूत्राचं कौतुक आहे, पण ते पाऊस विचारत नाही, जमीन विचारत नाही आणि वेळ तर सांगतच नाही. सांडवा केवढा बांधायचा हे त्यावरून ठरवता येतं. आज रात्री जनावरं हलवायची का, हे नाही.

आता सायखेड्याकडे वळू. गावापाशी येणारं पाणी एका पाणलोटाचं नाही, म्हणून त्याला एकच एकक जलालेख लावून चालत नाही. शेरमनची अटच होती की पाऊस साऱ्या पाणलोटावर साधारण सारखा पडलेला असावा. त्र्यंबकला धो धो आणि नाशिकरोडला शिंतोडे, अशी आपली रीत. म्हणून खोऱ्याचे तुकडे पाडतात. गोदावरी गंगापूर धरणापर्यंत हा एक तुकडा, आणि त्यातही वर काश्यपी आणि गौतमी ही धरणं. दारणा धरणाच्या वरचा, इगतपुरीचा दुसरा तुकडा. वालदेवी, आळंदी यांसारख्या उपनद्या वेगळ्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचा, धरणांच्या खालचा मुक्त पाणलोट, जिथल्या पाण्याला अडवायला काहीच नाही.

धरणाच्या वरच्या तुकड्याचा एकक जलालेख सांगतो तो धरणात येणारा येवा. धरणातून बाहेर काय जाणार हे निसर्ग ठरवत नाही, दरवाजे ठरवतात. येवा वजा विसर्ग म्हणजे साठ्यातली वाढ, हा हिशेब तासातासाला करत धरणावरची माणसं दरवाजे हलवतात. जलाशयात जागा असेल तर माथा कापला जातो. जागा नसेल तर येईल ते सोडावं लागतं, आणि धरण असून नसल्यासारखं होतं. पावसाळ्याच्या मध्यावर धरण किती भरू द्यायचं याचं वेळापत्रक असतं ते म्हणूनच. पाणी साठवायची ओढ आणि पुरासाठी जागा ठेवायची गरज यांची रस्सीखेच त्या वेळापत्रकात असते, आणि नाशिक-नगर-मराठवाडा पाण्याचा वाद पाहता ही ओढ थोडीथोडकी नाही.

सोडलेलं पाणी लगेच पोचत नाही. समजा पुरात नदीचा सरासरी वेग सेकंदाला दीड मीटर आहे. पुराची लाट पाण्याच्या वेगापेक्षा जोरात पुढे सरकते, ढोबळमानाने दीडपटीहून थोडी जास्त. म्हणजे अडीच मीटर, ताशी नऊ किलोमीटर. ३६ किलोमीटरच्या अंतराला चार तास. वाटेत पाणी मळ्यांत, खळग्यांत पसरतं, त्यामुळे माथा थोडा बसतो आणि पूर लांबतो. ही घटही मोजतात. त्यासाठीची सर्वांत वापरातली पद्धत अमेरिकेतल्या मस्किंगम नदीच्या नावाने ओळखली जाते.

दारणा गोदावरीला दारणासांगवीपाशी मिळते, सायखेड्याच्या वर. इथून पुढे दोन्ही जलालेख एकावर एक ठेवून बेरीज करायची. समजा गोदावरीचा माथा १,२०० घनमीटरचा आणि दारणेचा १,५०० चा. दोन्ही एकाच तासाला संगमावर आले तर २,७००. दारणेचा माथा चार तास आधी येऊन गेला आणि गोदावरीचा येईपर्यंत दारणा ९०० वर उतरली असेल, तर त्या तासाची बेरीज २,१००. फरक ६०० घनमीटरचा, म्हणजे २१ हजार क्युसेकचा, आणि पाऊस तोच. पूरनियंत्रण कक्षाने एका धरणाचा विसर्ग काही तास मागे-पुढे करायला सांगणं याला या बेरजेचा आधार असतो. अर्थात दोन्ही धरणं आधीच काठोकाठ असतील तर मागे-पुढे करायला वावच उरत नाही.

४ ऑगस्ट २०१९ कडे या चष्म्यातून पाहावं. त्या दिवशी गंगापूरमधून सुटणारा विसर्ग ४५ हजार क्युसेकच्या आसपास होता. सायखेड्याच्या खालच्या नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडी धरणाकडे जाणारा आकडा मात्र अडीच लाख क्युसेकच्या पुढे गेला. मधलं पाणी दारणेचं, उपनद्यांचं, मुक्त पाणलोटाचं आणि कादवेचं. (दिंडोरीकडून येणारी ही कादवा, इगतपुरीकडची कडवा निराळी, ती दारणेला मिळते. बातम्यांत दोन्हींची सरमिसळ नेहमी होते.) नाशिकच्या रामकुंडावरचा पूर पाहून सायखेड्याचा पूर ओळखू गेलं तर अशा दिवशी पार फसायला होतं.

आता अडचण. कादवा गोदावरीला मिळते ती नांदूरमध्यमेश्वरला, सायखेड्याच्या खाली. तिचं पाणी सायखेड्यावरून जातच नाही. तरी ते सायखेड्याला बुडवायला हातभार लावतं. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा इंग्रजी अमदानीतला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, गोदावरीचे कालवे काढण्यासाठी बांधलेला. शंभर वर्षांत त्यामागे गाळ साचला, उथळ पाण्यात बेटं झाली, पाणपक्षी आले, अभयारण्य झालं आणि पुढे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळही तेच ठरलं. पक्ष्यांना मानवलेला हा गाळ पुराच्या पाण्याची जागा खातो. पुरात बंधाऱ्यामागे पाणी तुंबलं, त्यात कादवेनेही जोर धरला, की फुगवटा मागे सरकत सायखेडा-चांदोरीपर्यंत येतो. वरून पाणी येतंय आणि खालून निघत नाही, अशी स्थिती.

एकक जलालेखाचं गणित इथे थांबतं. त्याने सांगितलेलं असतं किती घनमीटर पाणी येणार. पाणी किती उंच चढणार हे त्याच्या कक्षेतलं नाही. मोकळ्या वाहत्या नदीत उंची आणि प्रवाह यांचं कोष्टक एकास एक असतं, म्हणून दुतोंड्या मारुतीवरून अंदाज करता येतो. फुगवट्यात ते कोष्टक मोडतं. तोच प्रवाह, पण खालचं पाणी किती वर आहे त्यानुसार सायखेड्याच्या पुलाशी उंची निराळी. म्हणून पुढची पायरी वेगळ्या गणिताची: नदीचे दर काही अंतरावरचे छेद मोजायचे, बंधाऱ्यापाशी पाणी किती वर आहे ते धरायचं आणि तिथून उलट, वरच्या दिशेने, एकेका छेदाची पाणीपातळी काढत यायची. निळी आणि लाल पूररेषा याच रीतीने आखतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ असा नाही की पूर येऊन गेला की २४ वर्षं निश्चिंती. दर वर्षी चार टक्के शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. २०१६ आणि २०१९ मध्ये तीनच वर्षांचं अंतर होतं.

शेरमनच्या गृहीतकातली आणखी एक फट मोठ्या पुरातच दिसते. दुप्पट पाऊस, दुप्पट उंच रेघ, हे तो धरून चालला. प्रत्यक्षात पाणी खोल झालं की जोरात धावतं, त्यामुळे मोठ्या पुराचा माथा लहान पुरांवरून काढलेल्या अंदाजापेक्षा उंच आणि लवकर येतो. धरणाच्या सांडव्याचं संकल्पचित्र करताना म्हणून एकक जलालेखाचा माथा मुद्दाम वाढवून घेतात. उलट पाणी काठ सोडून शेतांत पसरलं की लाट मंदावते. गोदाकाठच्या सपाटीवर हे दोन्ही होतं, आणि कुठलं कधी जास्त हे मोजलेल्या पुरांवरूनच कळतं.

तेव्हा सायखेड्यात बसून फोनवरचे आकडे वाचायचे तर गंगापूरचा एकटा आकडा पुरत नाही. दारणेचा विसर्ग किती आणि तो वाढवून किती तास झाले, हे बरोबरीने पाहावं. दोन्हीकडचं पाणी सुटल्याच्या वेळा लिहून ठेवाव्यात, कारण बेरीज आकड्यांची नाही, वेळेसकट आकड्यांची करायची असते. धरणांखाली, नाशिक ते निफाड पट्ट्यात, पाऊस चालू आहे का हे विचारावं; ते पाणी कुठल्याच धरणाच्या विसर्गात दिसत नाही आणि सर्वांत आधी पोचतं. नांदूरमध्यमेश्वरातून पाणी किती निघतंय आणि कादवा किती आहे हेही बघावं. आणि एक गोष्ट कुठल्याही जलालेखात नसते, ती पुलावर जाऊनच दिसते. वरून वाहत आलेल्या पानवेली सायखेड्याच्या पुलाला अडकल्या की पाण्याची वाट आणखी अरुंद होते आणि प्रवाह तेवढाच असताना वरच्या बाजूची पातळी चढते. तो हिशेब पोकलेनने पानवेली ओढून काढूनच करावा लागतो, आणि तो पाणी चढायच्या आधी करायचा असतो.